शिसवीची मूठ आणि अर्धं जावळ

न्हाव्याच्या घरात मला दिली आणि मी वस्तऱ्याला भ्यायचे. कुंभाराच्या सुनेनं मडक्याला भ्यावं, तसलाच प्रकार. सासरच्या ओसरीवर खुंटीला कातड्याची धोकटी टांगलेली असायची. तिच्यात वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा. बंद पिशवी ती, उघडून चालत माझ्यावर येणार होती थोडीच. पण मी समोरच्या भिंतीला खांदा घासत जायचे. सासूबाई म्हणायच्या, "ह्या बाईमुळं भिंतीचा पोतेरा एकाच अंगाला झिजतूय."

माहेरही न्हाव्याचंच, देवळाली प्रवरेकडचं, तेव्हा सवय नव्हती ही सबब चालायची नाही. लहानपणी वडिलांनी एका माणसाच्या मानेवरचं गळू वस्तऱ्यानं फोडताना मी दाराआडून पाहिलं होतं. तो माणूस चार दिवसांत बरा होऊन बाजाराला गेला. मी अजून बरी व्हायची आहे.

सासर काष्टीच्या बाजारापासून चालत जाण्यासारख्या एका खेड्यात. लढाईची वर्षं होती. आमचे मालक नगरच्या छावणीत शिपायांच्या दाढ्या करायला गेलेले, आणि जाताना घरातले चांगले वस्तरे घेऊन गेलेले. घरात सासरे, सासूबाई, मी आणि माझं पहिलं पोर. ते अजून वर्षाचं व्हायचं होतं. आणि एक शेळी. शेळीचं नाव घेते कारण तिला काम होतं. त्या काळी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे आणि सासराही सुनेला थेट काही सांगत नसे. सासूबाई असल्या तर त्यांच्यामार्फत बोलणं व्हायचं, नसल्या तर पोरामार्फत, आणि पोर झोपलेलं असलं तर शेळीमार्फत. आमच्या घरातलं सगळं त्या शेळीला ठाऊक होतं.

सासऱ्यांचा उजवा हात थरथरायचा. बशीतला चहा ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा धोतरावर. गावातली जुनी माणसं तरीही त्यांच्यापुढंच बसायची. इतक्या वर्षांचा न्हावी, त्याला सोडून दुसरीकडं तोंड कसं घेऊन जाणार. पण दाढी करून उठलेला माणूस आधी कानाला हात लावून बघायचा. एकदा एकाचा कान खरंच कापला गेला. थोडासाच, पण कानाचं रक्त थांबता थांबत नाही. सासूबाई तुरटी घेऊन धावल्या. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वयनी, दुसरा कान हाय की अजून." सगळे हसले. मी घरात पोराला छातीशी धरून उभी होते, मला हसू आलं नाही.

कारण जावळ जवळ आलं होतं.

पहिले केस वर्षाच्या आत, विषम महिन्यात काढायचे, पोराला त्याच्या मामानं मांडीवर घ्यायचं, हे सगळीकडंच. पण आमच्या घराची आणखी एक रीत होती. घरातल्या पोराचं जावळ घरातल्याच एका जुन्या वस्तऱ्यानं निघायचं. हा वस्तरा सासऱ्यांच्या आज्याला कुणा गोऱ्या साहेबानं दिलेला. सासऱ्यांचं जावळ त्यानंच निघालेलं, माझ्या मालकांचंही.

रोज सकाळी मी पोराची टाळू तेलानं भरायचे. बोटाखाली ती उडायची. एवढासा जीव, आणि डोक्याच्या मधोमध झाकण बसवायचं राहून गेल्यासारखी ती मऊ जागा. तेल जिरवता जिरवता मला सासऱ्यांची बशी दिसायची. तिथून पुढं विचार जायचा नाही, आणि मागंही यायचा नाही.

एका दुपारी सासऱ्यांनी पत्र्याच्या पेटीतून तो वस्तरा काढला. तेलकट फडक्याच्या घड्या उलगडल्या आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पात्याला तांबडा गंज चढलेला, आणि मुठीच्या शिंगाच्या पट्ट्या किड्यांनी खाऊन त्यांची चाळण केलेली. बोट लावल्यावर एक पट्टी भुग्यासारखी खाली पडली. मी मनात देवाला हात जोडले. त्या वेळची मी म्हणजे अशी शहाणी की, जुना वस्तरा मेला म्हणजे जावळच रद्द झालं असं धरून चालले, आणि त्या आनंदात संध्याकाळी सासऱ्यांच्या भाकरीवर जास्तीचा लोण्याचा गोळा ठेवला.

"आज सून लई खूश दिसती," सासरे शेळीकडं बघत म्हणाले. "हिला सांग, पातं जित्तं हाय. मूठ काय, नवी घालता येती."

लोण्याचा गोळा परत घेता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर पात्याचं काम सुरू झालं. रॉकेल मिळायची मारामार, म्हणून करडईचं तेल लावून रात्रभर ठेवायचं, आणि सकाळी चुलीची वस्त्रगाळ राख फडक्यावर घेऊन घासायचं. गंज सुटला. तरी खाली काळे डाग राहिले, ते त्यांनी राहू दिले. म्हणाले, "डाग कापत न्हाईत, धार कापती." मग पाणी टाकून दगडावर. पातं सपाट ठेवायचं, धार पुढं करून सरकवायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटवायचं, परत. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलेलं, आणि दोन हात मिळून थरथर कमी व्हायची. पण कमी. आतून मला आवाज ऐकू यायचा. एकसारखा चाललेला, मधेच अडखळायचा, परत सुरू. तो अडखळला की मी जात्यावरचा हात थांबवायचे. पीठ जाडंभरडं निघालं. सासूबाईंनी भाकरी हातात घेऊन उन्हात धरली आणि विचारलं, "ही भाकर हाय का कोंडा?"

राहिली मूठ. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन चपट्या पट्ट्या, एका टोकाला खिळीनं पातं बसवलेलं. पातं मिटलं की त्या दोघींच्या मधे झोपतं. सासूबाई म्हणाल्या, सुताराला सांगा. सुतार नांगरांच्या कामात बुडालेला, आणि तसंही तो जे काही करायचा ते बैलाच्या मापाचं व्हायचं.

सासऱ्यांनी पोराला मांडीवर घेतलं. पोराच्या हातात भोवरा होता, मी बोरीच्या लाकडाचा तासून केलेला. माहेरी शेळ्यांमागं हिंडताना मला तो नाद लागला होता. भोवरे, लगोरीच्या चकत्या, बाहुलीचे पाय.

"काय रं," सासरे पोराला म्हणाले, "हा भवरा कुनी केला?"

पोरानं भोवरा तोंडात घातला.

"मग तुझ्या आयला सांग, ज्या हाताला भवरा येतो, त्या हाताला मूठ येती."

मी दाराआडून पोराला म्हणाले, "तुझ्या आज्याला सांग, मला वस्तऱ्याचं भ्या वाटतं."

"तिला सांग, पातं मी देत न्हाई. नुसत्या पट्ट्या कर म्हनावं. लाकडाला कुनी भ्येत न्हाई."

पोरावर फार बोजा पडला होता. ते रडायला लागलं, आणि मी हो म्हटलं.

लाकूड शिसवीचंच हवं, बाभूळ तडकते, असं सासऱ्यांचं म्हणणं. घरात शिसवीची वस्तू एकच, देवकार्याचा पाट. त्याच्या तळाला दोन आडव्या पट्ट्या होत्या. सासऱ्यांनी पाट उलटा केला आणि त्यातली एक उचकटली. सासूबाई बघतच राहिल्या. "चांगला पाट लंगडा केला," म्हणाल्या. मग त्यांनी फुटक्या माठाची एक जाड खापरी शोधून त्या बाजूला खाली सरकवली. बसून बघितलं. पाट हलला नाही. विषय संपला, निदान तसं वाटलं.

आता माझी लबाडी ऐका. मालकांचा निरोप आला होता की जमलं तर रजेवर येईन. ते आले तर वस्तरा त्यांच्या हातात जाईल, आणि तो हात तरणा होता. म्हणजे मला फक्त वेळ काढायचा होता. मूठ झाली नाही तर जावळ कसलं? पहिली पट्टी खरोखर तडकली, देवाशपथ. दाभण लाल करून खिळीचं भोक पाडायला गेले आणि लाकूड रेघेरेघेनं चिरलं. सासरे पोराला म्हणाले, "हुतंय असं." पण त्या चिरण्यानं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या पट्ट्या मी अशा घासल्या, अशा घासल्या, की मुंगीनं पाय लावून घासल्यासारख्या. काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, विटेच्या भुकटीनं घासायचं, जवसाचं तेल चोळायचं, उन्हात ठेवायचं, आणि मग तोंड वाकडं करून म्हणायचं, अजून नीट नाही.

गंमत अशी की लबाडीनं केलेलं काम चांगलं होतं. घासून घासून त्या पट्ट्या अशा झाल्या की हातात धरल्यावर ठेवाव्याशा वाटेनात. काळसर तपकिरी, मधून एक पिवळी रेघ. पट्ट्यांच्या मोकळ्या टोकाला दोघींच्या मधे शिंगाची चकती घातली, म्हणजे पातं आत शिरताना धार लाकडाला लागायची नाही. हे मी कुणी न सांगता केलं. धारेच्या भीतीनंच केलं असणार. धार कुठं कुठं लागेल हे माझ्याएवढं त्या घरात कुणी बारकाईनं योजलं नव्हतं.

एका सकाळी सासऱ्यांनी पट्ट्या उचलल्या, उन्हात धरून बघितल्या आणि शेळीला म्हणाले, "हिला इचार, झालेल्या पट्ट्या आनखी किती घासनार? झिजून कागूद हुतील. अन माझा ल्योक काय येत न्हाई ह्या म्हयन्यात."

शेळी रवंथ करत राहिली. मी खिळीसाठी तार शोधायला उठले.

पितळेच्या तारेची खिळी ठोकायला मात्र पातं जवळ असणं भाग होतं. सासऱ्यांनी ते फडक्यात गुंडाळून धरलं आणि तारेचं डोकं मी बारीक हातोडीनं ठोकलं. एक ठोका, मग ते पातं हलवून बघायचे. सैल. आणखी एक ठोका. सैल. मग एकदा पातं जिथं ठेवलं तिथंच राहिलं, ना पुढं ना मागं. त्यांनी मान हलवली. तेव्हा मी त्यांचा डावा अंगठा जवळून पाहिला. त्यावर पांढऱ्या बारीक रेघा, एकीवर एक, भाजी चिरायच्या पाटावर असतात तशा. ज्याला स्वतःचा अंगठा सांभाळता येत नाही, तो माझ्या पोराचं डोकं काय सांभाळणार?

जावळाच्या दिवशी माझा भाऊ आला. साखर कारखान्यात कामाला लागला होता, वस्तरा त्यानं जन्मात धरला नव्हता, आणि साखर त्याच्या अंगी चांगलीच लागली होती. मी त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "दादा, डोकं घट धर बरं. हलू देऊ नको."

"अगं, मी धरल्यावर बैल हलत न्हाई."

"पोर हाय ते, बैल न्हाई."

अंगणात रांगोळीच्या मधे पाट मांडला. भाऊ मांडी घालून बसला, पोर मांडीवर. पहिली बट त्यानं कात्रीनं कापून पानावर ठेवली. सासऱ्यांनी कोमट पाण्यानं पोराचं डोकं चोळचोळून भिजवलं. मग मूठ उघडली. शिसवीवर ऊन पडलं, आणि सगळ्यांनी बघितली ती मूठ. मी बघितला तो हात. थरथरत होता, रोजच्यापेक्षा जास्तच. मी दारात चौकट धरून उभी. लाकडाचं एक कुसळ नखात शिरलं, ते संध्याकाळी कळलं.

त्यांनी डावा पंजा पोराच्या डोक्यावर पसरला आणि उजव्या कानाच्या वरून सुरुवात केली. खर्र, खर्र. भिजल्या केसांची लव खाली पडत होती आणि खालून पांढरं, कोवळं डोकं निघत होतं. पोर भोवऱ्यात गुंग. उजवी बाजू साफ झाली. मग पातं वर सरकलं, मधाकडं, जिथं ती जागा होती.

आणि खापरी फुटली.

साधा कडकन आवाज. पाटाची एक बाजू खाली बसली, भाऊ सगळ्या साखरेसकट कलंडला, आणि पोराचं डोकं झोकांडलं. पुढं मला दिसली ती एक लाल रेघ. भिजल्या डोक्यावरून कपाळावर, कपाळावरून भुवईत. पोर क्षणभर गप्प राहिलं, आणि त्या गप्प राहण्यातच मी मेले.

डोक्यावरचा पदर कुठं गेला ठाऊक नाही. मी अंगणात होते आणि सासऱ्यांच्या तोंडापुढं उभी राहून बोलत होते, थेट, जन्मात पहिल्यांदा. "टाका तो वस्तरा मामंजी. टाका म्हनते ना." पोराला ओढून घेतलं. आता ते रडायला लागलं होतं. सासूबाईंनी तांब्या ओतला. रक्त वाहून गेलं, खाली कातडी कोरी. मी बोटानं चाचपली. टाळू, कपाळ, कानामागं, मान. परत टाळू. उडत होती. कुठं ओरखडा नव्हता. तरी रांगोळीत थेंब पडत होते, टप टप, ताजे.

सासऱ्यांच्या डाव्या अंगठ्यातून.

त्यांनी वस्तरा टाकला नव्हता. मिटलेला होता तो, मुठीत झोपलेला, त्यांच्या उजव्या हातात. अंगठा त्यांनी नंतर बघितला. मग माझ्याकडं बघितलं, शेळीकडं नाही, पोराकडं नाही.

"अंगठा पुढं असतोय गं पोरी," म्हणाले. "पात्याच्या पुढं आधी माझा अंगठा, मग डोकं. डोकं हाललं की अंगठा हालतोय, त्याच्या मागं पातं. कापलं तर आधी मलाच कापतंय. हात असा झाल्यापास्नं तसंच करतो मी."

अशा वेळी माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. "मग त्या म्हाताऱ्याचा कान?"

"कानामागं अंगठा मावत न्हाई," सासरे म्हणाले.

भाऊ अजून मातीत बसलेला होता. सासूबाई खापरीचे तुकडे वेचत म्हणाल्या, "सगळी वस्तऱ्याकडं बघत बसली. पाटाकडं बघायला कुनी हुतं का?" कुणीच नव्हतं. इतक्या दिवसांची माझी सगळी भीती मी एका पात्यावर खर्च केली होती, पाटासाठी शिल्लकच ठेवली नव्हती.

जावळ अर्धं राहिलं. अंगठ्याला हळदीची चिंधी बांधलेली, तेव्हा सासऱ्यांना तो पात्यापुढं धरता येईना. पोर एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं कुरळं. मी कुंची घालायचे, ते ओढून काढायचं. पाण्याला आलेल्या बायका वाट वाकडी करून बघायला यायच्या. एक म्हणाली, "ह्या अंगानं गोसावी, त्या अंगानं संसारी." सासूबाईंना ते इतकं लागलं की त्यांनी सासऱ्यांशी बोलणं टाकलं, आणि शेळीला परत काम लागलं.

त्यात मालक रजेवर आले. माझा जीव भांड्यात पडला. छावणीत सकाळपासून दुपारपर्यंत रांगेनं दाढ्या करणारा माणूस. त्यांनी नवी मूठ हातात घेतली, उघडली, मिटली. "कुनी केली?" विचारलं. सासरे म्हणाले, "तुझ्या बायकूनं." ते खूश झाले. मग पोरापुढं बसले. पोरानं त्यांच्याकडं बघून तोंड भरून हसून दाखवलं. त्यांनी वस्तरा टाळूजवळ नेला, थांबले, परत नेला. मग मिटला.

"बा, तुमीच करा," म्हणाले. "शिपाई कसा, हासत न्हाई."

म्हणजे फिरून तोच हात. आणि मला आता ठाऊक होतं की त्या हातापुढं असणारा अंगठा चिंधीत आहे.

मी घोंगडी अंथरली. पाट कुणी काढलाच नाही. मामानं मांडीवर घ्यायची रीत एकदा होऊन गेली होती, तेव्हा पोराला मी घेतलं, आणि कुणाला विचारलं नाही. डावा पंजा त्याच्या डोक्यावर पसरला, टाळू तळहाताखाली झाकून. अंगठा पुढं काढला. माझा.

"मामंजी," मी म्हणाले, "हा घ्या."

सासऱ्यांनी अंगठ्याकडं बघितलं. "भ्या वाटतंय?"

"लई."

"मंग हालनार न्हाई तू," ते म्हणाले आणि मूठ उघडली.

पातं माझ्या अंगठ्याला टेकलं. गार होतं. त्यांच्या हाताची थरथर पात्यातून माझ्या नखापर्यंत येत होती, मोटेच्या दोराला हात लावल्यावर येते तशी. मी अंगठा केसभर मागं घ्यायचे, पातं केसभर पुढं यायचं. पोर रडलं, मग मुसमुसलं, मग झोपलं. मला वाटत होतं, मी ओरडेन, उठेन, पळेन. त्यातलं काहीच केलं नाही, कारण हात हलवायची सोय नव्हती. तळहात सरकवून टाळू उघडी करावी लागली तेव्हा मी डोळे मिटले. सासरे म्हणाले, "डोळं उघड. अंगठ्याला डोळं नस्त्यात." मी उघडले. पिकल्या बोराची साल निघावी तसे ते केस निघाले. माझ्या अंगठ्यावर एक रेघ उमटली, अगदी बारीक, रक्त न आलेली. अजून आहे. म्हणजे मला दिसते. नातवंडं म्हणतात ती सुरकुती आहे.

सासऱ्यांनी पातं पुसलं, मिटलं आणि वस्तरा माझ्यापुढं धरला. मी तो हातात घेतला आणि लगेच सासूबाईंच्या हातात दिला, त्यांनी पेटीत ठेवला. भीती गेली का म्हणाल, तर नाही. धोकटीसमोरून मी पुढंही भिंत घासतच गेले. फक्त जाता जाता आता सासऱ्यांशी बोलायचे, थेट, आणि आमची शेळी बेकार झाली.

तो वस्तरा माझ्याकडं आहे. मूठ काळीभोर झाली, पिवळी रेघ तेवढी राहिली. पुढं घरातल्या पोरांची जावळं त्यानंच निघाली, आणि दर वेळी पोर माझ्याच मांडीवर. ज्याच्या डोक्यासाठी मी एवढी मेले, तो माझा थोरला आता म्हातारा होत आलाय. परवा जेवताना मी त्याच्या डोक्याकडं बघत बसले होते. "काय बघतीस आई?" म्हणाला.

दोन्ही बाजूंनी सारखं टक्कल पडलंय. एक केस नाही. मी म्हटलं, "काही नाही. राहिलेलं जावळ शोधते."